खिंड उघडेपर्यंत

आक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. प्रार्थना आटोपून मुलं वर्गात चालली होती आणि फाटकापाशी मोशीचा एक ओळखीचा माणूस सायकल धरून उभा होता. आत येईना, हाकही मारीना. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "मास्तर, चला. आक्का..." आणि त्यानं मान खाली घातली. पहाटे धार काढायला ती गोठ्यात गेली होती. म्हैस ओरडायची थांबेना म्हणून शेजारची भामाबाई पाहायला गेली, तर आक्का गव्हाणीला पाठ टेकून बसलेली. चिंचवडहून मोशीपर्यंत त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून जाताना माझं मन त्या एकाच शब्दाला अडलं होतं. बसलेली... माझी बहीण काम टाकून नुसती बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली होती, आणि त्यातल्या बहुतेक वेळा एकाच प्रवासातल्या होत्या.

दुपारी इंद्रायणीच्या काठी सगळं उरकलं. अग्नी मी दिला. तिचा मुलगा फार लांब आहे; त्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. याला आता काही आठवडे झाले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभा राहतो. जेवता जेवता पानावरून उठतो. बायको म्हणते, वन्संचं वारं लागलं तुम्हाला. असेलही. लिहिलं तर जीव जागेवर येईल असं वाटून हे लिहायला घेतलं, आणि एवढ्यातच दोनदा अंगणात जाऊन आलो.

तिचं नाव सगुणा, पण सगळं गाव तिला आक्काच म्हणे. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. लग्नही गावातच झालं, आणि नवरा तरुणपणीच पटकीनं गेला. पदरात एक मुलगा, नामदेव. नदीकाठचा मळा तिनं एकटीनं केला. पहाटे माळव्याची पाटी डोक्यावर घेऊन चाकणच्या बाजाराला जायची आणि उन्हं चढायच्या आत परत येऊन मोटेवर उभी राहायची. तिच्याबरोबर चालायचं म्हणजे आम्हाला पळावं लागे. "पाय हायेत का खुट्या?" असं मागं न बघता विचारायची. माझी शाळा सुटू नये म्हणून भावकीशी भांडली. तिच्या बोलण्याला धार होती आणि ते बोलणं मागं घ्यायची तिला सवय नव्हती.

त्या बोलण्यानंच पुढचं सगळं झालं. नामा विशीत आला तेव्हा तिनं त्याला न विचारता चाकणकडची एक मुलगी पाहिली आणि सुपारी फोडायचा दिवस ठरवला. पाहुणे येऊन बसले, पानाची तबकं फिरली, आणि नामा म्हणाला, मला इतक्यात लग्न करायचं नाही, मला पलटणीत जायचंय. पाहुणे उठले. आक्का दारात उभी राहिली. मी तिथंच होतो. आवाज न चढवता तिनं त्याला सांगितलं, "जा मग. पुन्यांदा ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." नामा तिचाच मुलगा. तो गेला तो खरंच आला नाही. पुढं त्याची पलटण सुटली एवढं कानावर आलं, त्यानंतर काहीच नाही. त्याचं नाव घरात निघालं की आक्का उठून गोठ्यात जायची.

अशी काही वर्षं गेली. मग दिघीला एक हवालदार सुट्टीवर आला आणि मुद्दाम मोशीला येऊन आक्काच्या अंगणात उभा राहिला. नामदेव सुखरूप आहे म्हणाला. हिमालयात मनालीच्या पुढं रोहतांग नावाची एक उंच खिंड आहे, ती ओलांडली की लाहौल नावाचा मुलूख लागतो. तिथं रस्त्याच्या कामावर तो मिस्त्री आहे. तिथल्याच मुलीशी लग्न केलंय, एक लेक आहे. आक्का बाजरी पाखडत होती. सूप थांबलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "जायला किती दिस लागत्यात?"

त्याच संध्याकाळी ती चालत चिंचवडला माझ्याकडं आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "तुझ्या शाळंला सुट्टी कवा?"

"का गं?"

"नामाला आणायला जायचंय."

मी समजावलं. त्याचं तिथं घर आहे, बायको आहे, तो असा उठून कसा येईल... तिनं ऐकून घेतलं नाही. "घर हितं हाय त्याचं. पिंपरीला कारखाना हुतोय. साऱ्यांची पोरं सायकलीवर जात्यात अन् सांजच्याला भाकरीला घरी येत्यात. माझंच कशापायी बर्फात ऱ्हातंय?" उन्हाळ्याच्या सुट्टीला थोडी रजा जोडून घेतली आणि आम्ही निघालो. पुण्यापलीकडं कधी न गेलेली ती बाई पठाणकोटपर्यंत आगगाडीच्या खिडकीशी अशी बसली होती, की जणू तिनं ढकलल्यामुळंच गाडी चालली होती. प्रत्येक स्टेशनावर विचारायची, "हितं का थांबली?" पुढं डोंगरातल्या बसनं मला उलट्या झाल्या. तिला काहीच झालं नाही, आणि तिला त्याचा अभिमानही वाटला.

मनालीत आम्हाला टशी नावाचा खेचरवाला भेटला. पस्तिशीचा, लाहौलचाच, मोडकं हिंदी बोलणारा. नामदेव मिस्त्री म्हटल्याबरोबर हसला; त्याच्या शेजारच्याच गावात नामा राहत होता. खिंड नुकतीच मोकळी झाली होती. पहिल्या दिवशी आम्ही कोठी नावाच्या वस्तीपर्यंत गेलो. देवदाराची झाडं, चारदोन घरं, एक सराई. टशी म्हणाला, इथं दोन रात्री काढा, वरची हवा वेगळी आहे, अंगाला सवय होऊ द्या. मी आक्काला ते मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, माझं पोरगं वर हाय अन् मी हितं झोपा काढू?"

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चढायला लागलो. आक्का खेचरावर बसली नाही. नऊवारीचा काचा मारून ती सगळ्यांच्या पुढं चालत होती. झाडं संपली, नुसतं गवत राहिलं, मग कडेकडेला मळकं बर्फ दिसायला लागलं. माझं डोकं ठणकत होतं आणि दर दहा पावलांवर मी थांबत होतो. टशी तिला मागून हाका मारत होता, सावकाश, माताजी, सावकाश. तिला ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. मग एका वळणावर ती थांबलेली दिसली. मला वाटलं, आमची वाट पाहतेय. जवळ गेलो तर ती काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती आणि पायाशी ओकारी झालेली होती. ओठ जांभळे पडले होते. "काय झालं नाही, चल," म्हणाली आणि पुन्हा निघाली. पण तिचे पाय आडवे पडत होते, दारू प्यालेल्या माणसाचे पडावेत तसे. थोड्या वेळानं ती वाटेतच खाली बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "नामा, मोट सोड रं. पाणी दंडाभायेर चाललंय."

मी तिला म्हणालो, आक्का, मी मारुती. तिनं मान हलवली आणि पुन्हा मला नामाच म्हणाली... टशीनं तिचे डोळे पाहिले आणि खेचराचं तोंड उताराकडं वळवलं. 'बिख लगा' एवढंच बोलला. तिथली माणसं याला डोंगराचं विष म्हणतात. मी घाबरून विचारलं, औषध काय? त्यानं खाली बोट दाखवलं. आम्ही तिला खेचरावर घातलं, तेव्हा तिनं एकदम जोर करून टशीला काठी मारली. मला वर न्या, ढकलत न्या, पण वर न्या, असं काहीतरी ती ओरडत होती. टशीनं काठी काढून घेतली आणि तिला घोंगडीसकट खेचराला बांधलं. मी तिला धरून चालत होतो. माझ्या मनात एकच होतं, की ही इथं गेली तर मी नामाला काय सांगू, आणि ते सांगायला तरी वर कसा जाऊ.

पण उतरता उतरता तिची जीभ सुटत गेली. झाडं लागली तेव्हा तिनं पाणी मागितलं. कोठीची घरं दिसली तेव्हा ती टशीला अस्सल मोशीच्या शिव्या द्यायला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

टशी नामासाठी आमचा निरोप घेऊन एकटाच खिंडीपलीकडं गेला. जाताना बजावून गेला, रोज सकाळी थोडं वर चढा, बसा, आणि झोपायला इथं खाली या. आम्ही राहिलो. ते दिवस मला या आठवड्यांत सारखे आठवतात. आक्कानं सराईचं अंगण सकाळ-संध्याकाळ झाडलं. सराईच्या म्हातारीची गाय पिळली. तिचं सरपण फोडलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण भांडण मात्र नीट चालायचं. सकाळी आम्ही चढायला जायचो. पहिल्या दिवशी पहिल्या वळणापाशीच तिला धाप लागली. ती दगडावर बसली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "आत पाखरू फडफडतंय बघ." दुसऱ्या दिवशी ते वळण पार झालं. मग त्याच्या पुढचं. ती बसायची तेव्हा नजर वरच्या बर्फाच्या रेघेवर ठेवून बसायची आणि हातानं गवत उपटत राहायची. तिच्याभोवती उपटलेल्या गवताचा ढीग व्हायचा. रागावून म्हणायची, "आख्ख्या जल्मात एवढी बसले न्हाई मी."

एका सकाळी, असंच गवत उपटता उपटता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "त्यो येईल का रं?"

"येईल की."

"म्या बोलले व्हते त्याला."

इतक्या वर्षांत त्या बोलण्याचा उल्लेख तिनं केला तो तेवढाच. मग ती उठली आणि त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा वरपर्यंत गेलो.

नामा आला तेव्हा ती सराईमागं लाकडं फोडत होती. उतारावरून दोन माणसं येत होती, दोघांच्या डोक्यावर त्या मुलखातल्या गोल टोप्या, मला कोण कोण ते कळेना. आक्कानं कुऱ्हाड खाली ठेवली. "डावा पाय टाकतोय बघ कसा, बापावाणी," म्हणाली आणि जागची हलली नाही. नामा जवळ येऊन वाकला. तिनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला.

"वाळलास."

"न्हाई आये. वर माणूस असाच हुतो."

"मग मला वर ने."

"नेतो. पन मी म्हणीन तसं चालायचं. माझ्या म्होरं जायचं न्हाई."

आणि आक्का खरंच त्याच्या मागं चालली. पहाटे अंधार असतानाच निघालो, कारण दुपारनंतर खिंडीत वारा उभं राहू देत नाही. नामा लहान लहान पावलं टाकत होता, मधेच थांबत होता, आणि ती त्याच्या टाचांवर नजर ठेवून तसंच करत होती. जिथं ती बसून मला नामा म्हणाली होती ती जागा गेली. तिला ती ओळखू आली नाही, मीही दाखवली नाही. डोकं दुखतंय का म्हणून तो विचारायचा. ती म्हणायची, थोडं. मग तो थांबायचा. इतक्या वर्षांचं अंतर तोडताना दोघंही इतकी हळू चालली होती, की मागून येणाऱ्या मलाच घाई सुटली होती. माथ्यावर नुसतं बर्फ आणि वारा. आक्कानं डोळे किलकिले करून विचारलं, "घर कुठलं तुझं?" नामानं पलीकडं, खूप खाली, नदीच्या अंगाला बोट दाखवलं.

त्या घराच्या दाराशी पोचलो तेव्हा मात्र ती थांबली. नामा पुढं होऊन आत गेला होता, तो वळला आणि त्यानं तिला उंबऱ्याबाहेर उभं राहिलेलं पाहिलं. दोघांनाही तेच आठवलं असणार. ती पाय उचलेना. मधे मी सामान घेऊन उभा... तेवढ्यात आतून त्याची बायको डोलमा आली. गोरी, गालांवर लाली, हात पिठानं भरलेले. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सासू दारात थंडीनं गारठलीय एवढंच तिनं पाहिलं आणि पिठाच्या हातानं मनगट धरून तिला सरळ चुलीपुढं नेऊन बसवलं. कोपऱ्यात एक पोर लोकरीच्या गुंडाळ्यातून बघत होती. नामा म्हणाला, "हिचं नाव पद्मा. दोन्हीकडं चालतं म्हून ठेवलं." आक्कानं तिला मांडीवर घेतलं. त्या दिवशी तिनं खारट लोण्याचा चहा तोंड वाकडं करून प्याला आणि आणखी मागितला.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं नामाला विचारलं, येतोस का. तो म्हणाला, "दिवाळीनंतर खिंड बंद व्हायच्या आत आमी उतरतो. पन कायमचं न्हाई, आये." ती एवढंच म्हणाली, "ये तर खरं."

ती आली तिघं. मोशीत त्यांना बघायला माणसांची रीघ लागली. थंडीचे दिवस बरे गेले. डोलमा भाकरी थापायला शिकली, पद्मा म्हशीच्या पाठीवर बसायला लागली, आणि आक्का दिवसभर धावत होती. आक्कानं हट्ट सोडला नव्हता. नामाला ती रोज पिंपरीचं नाव काढून टोचायची, आणि शेवटी तो एक दिवस कारखान्यावर जाऊन विचारून आला. मिस्त्री पाहिजेच होते. पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तेव्हा मी तिथं होतो. मला वाटलं, आक्का साखर वाटेल. तिनं नुसतं 'बरं' म्हटलं.

फाल्गुन लागला होता. ऊन तापायला लागल्यापासून डोलमाचं अन्न तुटलं होतं. नाकातून रक्त यायचं, अंगावर पुरळ उठलं होतं. पद्मा तापानं ओल्या फडक्यावर पडून असायची, हाक मारली तरी डोळे उघडायची नाही. वैद्याचं झालं, पुण्याच्या डॉक्टरचं झालं. डोलमा तक्रार करत नव्हती; गोठ्यातल्या सावलीत भिंतीला गाल लावून बसायची, भिंत तेवढीच गार म्हणून. आक्का जाता-येता तिच्याकडं बघायची. त्या रविवारी मी गेलो तर अंगणात बोचकी बांधलेली होती. नामा म्हणत होता, "आये, हुईल सवय. येळ लागतो. मला कामावर घेत्यात." आक्का गाठ मारता मारता म्हणाली, "मला ठावं हाय माझं डोकं कसं झालं व्हतं. टशीनं खाली उतरवलं म्हून मी वाचले. हिला वर ने."

"खिंड अजून बंद हाय."

"मग उघडेपत्तुर कोठीला ऱ्हावा. त्या म्हातारीला सांग, मी धाडलंय."

नामानं माझ्याकडं पाहिलं. त्याला आणायलाच तर आम्ही एवढ्या लांब गेलो होतो. गाडीत बसवून आल्यावर तिनं माझ्या घरी पाणी घेतलं आणि लगेच मोशीला चालत निघाली. थांब म्हटलं तर म्हैस पिळायची आहे म्हणाली.

त्यानंतर त्यांचं येणं एक वर्षाआड, थंडीपुरतं ठरलं होतं. यंदाची थंडी ती तिघं तिकडंच आहेत. आक्का गेली त्याच दिवशी मी तार केली. ती मनालीपर्यंत गेली आणि तिथंच पडून आहे. खिंडीत बर्फ आहे, ज्येष्ठाशिवाय वाट होणार नाही. म्हणजे आज, मी हे लिहीत असताना, नामाला काही माहीत नाही. चुलीपुढं तो पद्माला आजीच्या गोष्टी सांगत असेल, पुढल्या दिवाळीला काय न्यायचं ते ठरवत असेल. मला बसवत नाही ते बहुधा यानंच. ती तार कुणा दुकानदाराच्या हातून त्याला मिळावी असं मला वाटत नाही. वाट झाली की मी जाणार आहे. कोठीला राहीन, रोज थोडं चढेन, आणि मग त्याच्या दारात जाऊन तोंडानं सांगेन. डोंगर मला झेपत नाही असं घरी सगळे म्हणतात.

काल आक्काचं घर झाडून घ्यायला मोशीला गेलो होतो. भामाबाईनं मला घरामागं नेलं. दिवाळीपासून आक्कानं तिथं, लिंबाच्या सावलीत, उत्तरेच्या अंगाला एक खोली बांधायला काढली होती. मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, जमिनीलगत दोन लहान झरोके, वर जाड धाबं. गवंडी लावला होता, पण चिखल तिनं स्वतः तुडवला, भामाबाई म्हणाली. विचारलं की सांगायची, सून डोंगरातली हाय, पुढल्या खेपेला उन्हाळा काढील हितं. जमीन सारवून झाली होती. एका भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात निम्म्यापर्यंत येऊन थांबला होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी चपला काढून आत गेलो आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. आत खरंच गार होतं.